समुद्र घेतोय की सोडतोय?

माझ्या सासऱ्यांइतकी समुद्राची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या अरबी समुद्राच्या काठावर दुसरा नसेल, आणि कुठे असलाच तर त्याच्या घरच्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. लोक समुद्रावर फिरायला जातात, भेळ खायला जातात, प्रेम करायला जातात. आमचे सासरे त्याची तब्येत विचारायला जातात. अंधेरीला वर्सोव्याच्या बाजूला त्यांचं घर. सकाळचा चहा झाला की चपला सरकवायच्या, पाण्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, मान जरा तिरपी करून लाटांकडे बघायचं, आणि परत येताना वाटेत जो भेटेल त्याला विचारायचं, "आज काय वाटतं? घेतोय की सोडतोय?" सोसायटीतल्या जुन्या मंडळींना याची सवय आहे. ती "घेतोय, घेतोय" म्हणून लिफ्टमध्ये शिरतात. नवीन वॉचमनला मात्र कुणी कल्पना दिली नव्हती. त्याने कामाच्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न ऐकला आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "साब, मैंने कुछ नहीं लिया," असं तो काकुळतीला येऊन सांगत होता. सासऱ्यांनी त्याला तिथेच खुर्चीवर बसवलं आणि समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड कसा घेतो आणि कसा सोडतो, हे नीट समजावून दिलं. तोपर्यंत गेटमधून कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं, ते देव जाणे.

ते उपनगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण विद्यार्थी मिळेनासे झाले म्हणून शिकवणं थांबवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी फक्त विद्यार्थी बदलले. भाजीवाला, रिक्षावाला, दाताचा डॉक्टर (तोही सासऱ्यांच्या तोंडात हत्यार घालेपर्यंत), आणि सर्वांत हक्काचा विद्यार्थी म्हणजे मी. जावयाला सासरी मान असतो असं ऐकून मी बोहल्यावर चढलो होतो. माझ्या वाट्याला पहिल्या बाकावरची जागा आली.

खरं तर मला तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं, कारण मुलगी बघायला आम्ही मुलुंडहून गेलो त्या दिवशीच सगळं उघड झालं होतं. पोहे आले, चहा आला, आणि माझे वडील "मुलीला स्वयंपाक..." एवढं म्हणतात न म्हणतात तोच सासरे उठून सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन आले. एक फ्रिजमधली, एक गॅलरीत मुद्दाम उन्हात ठेवलेली. थंड बाटली त्यांनी उघडली, ती नुसती हुंकारली. मग उन्हातली उघडली. त्यातला निम्मा सोडा छताला लागला आणि उरलेला निम्मा माझ्या वडिलांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाला. "पाहिलंत?" सासरे आनंदाने ओरडले. "थंड पाणी वायू पोटात ठेवतं, गरम पाणी ओकून टाकतं! समुद्राचं तंतोतंत हेच. ध्रुवाकडचं गार पाणी हवेतला वायू गटागटा घेतं, जड होऊन तळाशी जातं, आणि शेकडो वर्षं तो वायू खाली दाबून ठेवतं. शेकडो वर्षं! आहे का कुणाची एवढी सहनशक्ती?" माझे वडील शर्ट पिळत ऐकत होते. जिना उतरताना त्यांनी निकाल दिला, "पोरगी झकास आहे रे. बापाला फक्त सावलीत ठेवायला लागेल."

सासऱ्यांचा दुसरा जिवलग म्हणजे वारा. त्यांच्या मते समुद्र आणि हवा हे समोरासमोरच्या ब्लॉकमधले शेजारी. देवाणघेवाण करायची दोघांचीही तयारी असते, पण दारं लोटलेली. वारा आला, लाटा उठल्या, फेस झाला, बुडबुडे खाली गेले, की दारं उघडतात आणि मग कोणाच्या घरात वायूची दाटी जास्त, तिकडून तो दुसरीकडे निघतो. हे सांगताना ते बशीतल्या चहावर अशी काही फुंकर मारतात की समोरच्याने जरा मागे सरकून बसलेलं बरं. वाऱ्याचा जोर वाढला की त्यांना घरात बसवत नाही. मी मरोळला ऑफिसात असतो आणि फोन वाजतो.

"जावईबापू, कामात आहात का?"

"हो, जरा मीटिंग..."

"सोडा हो ती मीटिंग! गच्चीवर जा. वारा बघा काय सुटलाय! आत्ता या क्षणी तिकडे नुसती झुंबड उडाली असेल!"

आमच्या ऑफिसच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही. पलीकडच्या इमारतीचे एसी दिसतात आणि त्यांतून गळणारं पाणी दिसतं. तरीही मी गच्चीवर गेलो आहे, एकदा नव्हे, अनेकदा. त्यांच्या आवाजात असं काही असतं की समोरच्याला वाटावं, आपण आत्ता गेलो नाही तर फार मोठा सोहळा चुकेल. हे मी माझ्या साहेबांना समजावू शकलो नाही, एवढंच.

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, आणि त्यांचा संसार म्हणजे या देवाणघेवाणीत सतत काहीतरी देत राहणं. त्या गणपतीला वाहायला जास्वंद जपतात. सासरे तीच फुलं उकळून त्यांचा रंग काढतात. समुद्राच्या पाण्यात तो रंग टाकला की हिरवट होतो, आणि नळीने त्यात फुंकत राहिलं की हळूहळू जांभळटाकडे झुकतो, कारण उच्छ्वासातल्या वायूने पाण्यात आंबटपणा येतो. हे पाहून ते दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे टाळ्या वाजवतात. सासूबाई देवघरातून म्हणतात, "गणपतीक आज नुसत्यो दुर्वा. फुलां समुद्राक गेली." सासरे बाजारात तिसऱ्या घ्यायला गेले तर वाटा उचलायच्या आधी एक शिंपला डोळ्यांजवळ धरून कोळणीला सांगणार, की बाई, समुद्राने वायू फार प्यायला आणि पाणी आंबटाकडे झुकलं, तर या बिचारीला कवच बांधणं जड जाईल हो. कोळीण म्हणते, "सर, तिचं कवच मी बघते. तुम्ही पिशवी उघडा."

मग सासऱ्यांच्या वाढदिवसाला माझ्या बायकोने त्यांना हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र भेट दिलं. ही आमच्या घराण्याच्या इतिहासातली एक घोडचूक मानली जाते. तळहातावर मावेल असा डबीएवढा चौकोन, त्यावर उजळणारा आकडा. बाहेरच्या हवेत तो चारशेच्या थोडा वर असतो, बंद खोलीत माणसं बसली की चढू लागतो. सासऱ्यांनी आठवड्याभरात त्या यंत्रासह लिफ्टमध्ये, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये आणि एका तेराव्याच्या जेवणाला हजेरी लावली. सोसायटीच्या वार्षिक सभेत तर ते पहिल्या रांगेत बसले, आणि सेक्रेटरींचं भाषण ऐन रंगात आलं असताना उठून म्हणाले, "हवेबद्दल माझी हरकत नोंदवून घ्या. तुम्ही बोलायला लागल्यापासून आकडा दुप्पट झालाय. एक तर खिडकी उघडा, नाहीतर विषय संपवा." सभा इतक्या लवकर कधीच संपली नव्हती. त्यांना पुढच्या वर्षी अध्यक्ष करावं असा ठराव काही जणांनी मांडला होता.

इथवरचं सगळं मी आजवर हसत हसत सांगत आलो आहे. पण त्या यंत्राची जी गोष्ट मला सांगायची आहे ती माझ्या मुलीची आहे. रेवा तेव्हा आठ वर्षांची. शाळेत तापणाऱ्या पृथ्वीचा धडा झाला, आणि माणसाच्या श्वासातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे वाक्य तिने नेमकं उचललं. एके दिवशी जेवताना बघतो तर पोरीचा चेहरा लालबुंद, गाल फुगलेले, डोळे पाणावलेले. घास अडकला म्हणून मी पाठीवर थापट्या मारायला धावलो. अडकलं काही नव्हतं. तिने श्वास रोखून धरला होता. "मी कमी सोडतेय," ती धापा टाकत म्हणाली. मग ते रोज सुरू झालं. अभ्यास करताना, झोपाळ्यावर, स्कूलबसमध्ये. मी तिला समजावलं, की राणी, तुझ्या श्वासातला वायू तू खाल्लेल्या पोळीतून येतो, पोळी गव्हाची, आणि गव्हाने तो हवेतूनच घेतलेला असतो, म्हणजे हिशेब बरोबर. बिघडवतो तो गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा गाल फुगवले. बायको रडकुंडीला आली. डॉक्टर म्हणाले, रागावू नका, तिची भीती घालवा. ती कशी घालवायची, हे मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

सासऱ्यांना कळलं तेव्हा ते अंधेरीहून थेट मुलुंडला आले. रेवाला समोर बसवून म्हणाले, "अगं वेडाबाई, सोड तो श्वास! एवढा थोरला समुद्र आहे ना आपला. माणसं जेवढा धूर सोडतात त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा तो एकटा पिऊन टाकतो. तुझ्या एवढ्याशा श्वासाचं त्याला काय?"

"तू बघितलंस पिताना?" रेवाने विचारलं.

उभ्या आयुष्यात सासऱ्यांनी ते फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं, पण बघितलं नव्हतं. "नाही. पण तुला दाखवतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली. "दसऱ्याला या. आकडा उतरताना तुझ्या डोळ्यांनी बघ."

"दाखव. मग मी श्वास सोडीन," रेवा म्हणाली.

त्या दिवसापासून घरात नुसती धांदल. योजना सोपी होती. एक मोठा पारदर्शक डबा घ्यायचा, यंत्र आतून त्याच्या बुडाला चिकटवायचं, आणि डबा पाण्यावर उपडा तरंगत ठेवायचा. आत अडकलेली हवा आणि खाली समुद्र, दोघंच एका खोलीत. समुद्र वायू घेत असेल तर आकडा उतरणार, सोडत असेल तर चढणार. तरंगायला डब्याच्या कडेने रेवाची पोहायची ट्यूब बांधली. डबा कोणता, हे विचारू नका. "माझ्या चकल्यांचो डबो आसा तो! बुडालो तर दिवाळेक फराळ खंय ठेवूचो?" असं सासूबाई दहा वेळा म्हणाल्या, आणि डब्यावर विश्वासाचं माणूस हवं म्हणून स्वतःच बरोबर निघाल्या. बायकोला होडी लागते, ती घरीच थांबली. होडी सासऱ्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या नाखव्याची. होडीला झेंडूच्या माळा घातलेल्या, पुढच्या टोकाला, नाळेवर, हळदकुंकू. "सर, मी तुमच्याच विषयात उडालो होतो," तो हात देऊन आम्हाला चढवताना म्हणाला. "आज प्रॅक्टिकलचे मार्क द्या." सासरे इतके खुशीत होते की त्यांनी त्याला तिथल्या तिथे पास केलं.

ऑक्टोबरची दुपार, वरून ऊन, खालून पाण्याची झळ. किनाऱ्यापासून जरा आत जाऊन नाखव्याने इंजिन बंद केलं. सासरे रेवाला यंत्र, ट्यूब, आकडा, सगळं दाखवत होते, आणि बोलता बोलता दोनदा होडीतून पडता पडता वाचले. त्या गडबडीत सासूबाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. डबा पाण्यात गेला. आम्ही चौघांनी माना पुढे काढल्या. आकडा चारशेवरून निघाला तो पाचशे, सातशे, नऊशे, हजार! रेवाच्या तोंडचं पाणी पळालं. सासरे होडीच्या कडेवर ओणवे झाले. "असं होऊच शकत नाही! असं... अहो, हा वास कसला?"

वास मोगऱ्याच्या अगरबत्तीचा होता. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "दसरो आसा. यंत्राची पूजा केल्याशिवाय नवीन वस्तू पाण्यात घालतत काय? मी ओवाळलंय. बाहेरसून ओवाळलंय, आतसूनय ओवाळलंय."

म्हणजे आतमध्ये होता तो अगरबत्तीचा धूर! नाखवा होडी हलेपर्यंत हसला. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि तेही हसले, रेवासुद्धा हसली. डबा वर काढला, वारा लागेल असा धरून ठेवला, आकडा खाली चारशेवर आला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "आता बघा हं," सासरे म्हणाले, आणि डबा पुन्हा पाण्यावर ठेवला गेला.

आकडा थोडा वेळ हललाच नाही. मग तो चढला. धुराच्या वेळेसारखा धावत नाही, अगदी सावकाश, एकेका पायरीने, पण चढतच राहिला. मी सासऱ्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस गप्प बसलेला मी पाहिलाच नव्हता, मंगलाष्टकं चालू असतानाही त्यांचं काहीतरी चालू होतं. आता त्यांचे ओठ नुसते हलत होते. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जावईबापू, ही उन्हातली बाटली हो. ऑक्टोबरचं तापलेलं पाणी, त्यात शहराची सगळी घाण कुजतेय. इथला समुद्र घेणार कुठून? मी आयुष्यभर हेच शिकवलं, आणि आज पोरीच्या पायी साफ विसरलो."

"आजोबा, पितोय का तो?" रेवा विचारत होती. गाल फुगायला लागले होते.

सासूबाई सासऱ्यांच्या कानाला लागल्या. "तिका सांगा, अगरबत्तीचो धूर अजून आत आसा म्हणान. पोरीक काय कळता?"

काय बिघडलं असतं? मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो, सांगा हो, सांगून टाका. आयती सबब हातात होती, देवाच्या नावाची होती, आणि तिने पोरगी सुखाने घरी गेली असती. सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग रेवाला जवळ ओढून म्हणाले, "नाही गं. पीत नाहीये. इथला समुद्र सोडतोय."

"सोडतोय?"

"हो. इथलं पाणी गरम आहे ना, म्हणून. लांब, बर्फाकडे, तो पितो. खूप पितो. इथे थोडा सोडतो. सगळा मिळून बघितला तर सोडतो त्यापेक्षा जास्त पितो, ते खरं आहे. पण मी तुला आकडा उतरताना दाखवीन म्हटलं होतं, ते चुकलं माझं."

रेवाने त्या चढणाऱ्या आकड्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडणार.

"म्हणजे तो पण घेतो आणि सोडतो?" तिने विचारलं. "माझ्यासारखा?"

"अगदी तुझ्यासारखा."

"आणि सोडला म्हणून त्याला कोणी ओरडत नाही?"

"कोण ओरडणार? सोडल्याशिवाय पुढचा घेता येतो का कुणाला?"

मग गालांतली हवा तिने सोडली, एकदम नाही, हळूहळू, जणू कोणाला त्रास होऊ नये अशी. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी नाखव्याशी उगाच इंजिनबद्दल काहीतरी बोललो, कारण मला दुसरीकडे बघायचं होतं.

"आजोबा, तुला भीती वाटते?" रेवाने शेवटी विचारलं. "सगळं तापणार त्याची?"

मला वाटलं, आता बाण येतील, ध्रुव येतील, सोड्याच्या बाटल्या येतील. सासरे साधेपणाने म्हणाले, "वाटते ना. म्हणून तर मी रोज सकाळी बघायला येतो."

इतकी वर्षं मी या माणसाला हौशी समजत होतो. वाऱ्याने वेडा होणारा, टाळ्या वाजवणारा, सभेत हरकत घेणारा. त्या गमतीखाली हे होतं, आणि ते मला कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं, ते आठ वर्षांच्या पोरीने विचारलं. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी जे प्रेम वाटलं ते सांगायची आमच्या नात्यात रीत नाही.

त्या दिवसानंतर रेवाने श्वास धरला नाही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती आता आजोबांना फोन करते आणि दोघं मिळून घाबरतात, तासतासभर, मोठ्या उत्साहाने. होडीतून उतरताना ती आजीबरोबर डबा सांभाळत पुढे पळाली. सासऱ्यांनी आधारासाठी माझा हात मागितला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. ओल्या वाळूत ते सावकाश पाऊल टाकत होते.

"फार घाबरवली तर नाही ना मी तिला?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

थोडं चालल्यावर ते थांबले आणि वळून पाण्याकडे बघत राहिले. "आपलं एवढं सगळं तो किती वर्षं घेत राहील हो, जावईबापू?"

पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याने त्यांचा हात रस्ता येईपर्यंत तसाच धरून ठेवला.